वर गेलेला हात

कुणाच्याही सौनाच्या, म्हणजे लाकडं जाळून तापवायच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, धुराड्यातून धूर निघाला की आर्ने वाटेत थांबायचा, नाक वर करून हुंगायचा आणि विचारायचा, "आज कोणाची नाव जळतेय म्हणायची?"

सारेमा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर या वाक्याला न हसणारा माणूस नव्हता. विर्वेही हसायला शिकली होती. ती नाव तिच्या वडिलांची होती, म्हणून तिला तर सगळ्यांच्या आधी हसावं लागे. नाहीतर लोक तिच्या तोंडाकडे पाहत बसत.

गोष्ट जुनी. विर्वे तेव्हा शाळकरी पोर होती. तिचे वडील एल्मार गोठलेल्या समुद्रावर शिडाची बर्फनाव चालवत. लांबट, निमुळती, एका माणसापुरती नाव; पाण्यात घालायची नाही, तीन पोलादी पात्यांवर बर्फावरून पळवायची. त्या वर्षी हिवाळा सरता सरता झालेल्या शर्यतीत ते सर्वांच्या पुढे होते. मागच्यांना ते धुक्यात शिरताना दिसले, बाहेर येताना दिसले नाहीत. संध्याकाळी ते चालत घरी आले. अंगावरचे कपडे गोठून फळीसारखे झालेले, आणि बर्फ फुटून पाण्यात पडलं तर वर यायला गळ्यात बांधतात त्या दोन टोकदार आऱ्या अजून मुठीत घट्ट. लांडगेखडकापाशी बर्फ फुटला, नाव गेली, एवढंच बोलले. समुद्र मोकळा झाल्यावर गावकऱ्यांनी होड्या काढून, गळ टाकून त्या खडकाभोवतीचा तळ धुंडाळला. काही सापडलं नाही. त्या हिवाळ्यात लाकडाची टंचाई होती, आणि एल्मारचं सौना तर शनिवारच्या शनिवार तापत होतं. आर्नेचा बाप कुस्तास एकदा दुकानात म्हणाला की एल्मारने नाव फोडून सौनात घातली आणि लाजेपायी समुद्राचं नाव पुढे केलं. तेव्हापासून ते वाक्य गावाचं झालं.

एल्मार प्रार्थनाघरातला माणूस. दारूला शिवायचा नाही, रविवारी भजन तोच धरायचा. खोटं बोलल्याचा डाग त्याच्यासारख्याला लागावा, याचीच लोकांना जास्त गंमत वाटली. तो भांडला नाही. मी खरं सांगितलंय, ते देवाला माहीत आहे, तेवढं पुरे, असं एकदाच बोलला. त्यानंतर तो बर्फनावेत बसला नाही, पण लेकीला सगळं शिकवलं. त्यातलं पहिलं हे, की बर्फावर पाय ठेवण्याआधी हातमोजा काढायचा आणि उघडा तळवा बर्फावर टेकवायचा. आपण कुणाच्या तरी घरात शिरतोय, त्याला कळवून शिरावं. वडील गेले तेव्हा विर्वेने त्यांच्या आऱ्या आपल्या गळ्यात बांधल्या आणि आपल्या नावेच्या आडव्या फळीवर घरखूण कोरली. बेटावर प्रत्येक घराची अशी एक खूण असते. जाळ्यांवर, वल्ह्यांवर, कुऱ्हाडीच्या दांड्यावर तीच असते. यांची खूण म्हणजे पक्ष्याचं तीन बोटांचं पाऊल आणि त्याखाली एक आडवी रेघ.

या वर्षी कित्येक हिवाळ्यांनंतर समुद्र धड गोठला होता. तोही असा, की थंडी आली आणि वारा मात्र आला नाही, हिम पडलं नाही. खाडीभर काळा बर्फ धरला. काळा म्हणायचं, एरवी तो काचेसारखा स्वच्छ. खालचं पाणी काळं म्हणून तोही काळा. असा बर्फ आपण पोरवयात पाहिला होता, असं म्हातारी माणसंही दबक्या आवाजात सांगत होती, जणू मोठ्याने बोललं तर तो ऐकून निघून जाईल.

पुढच्या आठवड्यात स्वीडनमधल्या एका तळ्यावर जागतिक स्पर्धा होती. बेटाच्या मंडळाच्या वाट्याला तिथे दोन जागा आल्या होत्या. एक मागच्या विजेत्याची, ती ठरलेली. दुसरी कोणाची, हे ठरवायला आणि हातपाय सैल करून घ्यायला या शनिवारच्या शर्यती ठेवल्या होत्या. सकाळच्या शर्यती संपल्या तेव्हा विर्वे आणि आर्ने अगदी बरोबरीत होते. दुपारच्या शेवटच्या शर्यतीत दोघांपैकी जो पुढे येईल तो स्वीडनला जाणार, आणि तरुण तानेलने दोघांनाही मागे टाकलं तर तो जाणार.

आर्ने दोनदा जाऊन आला होता. विर्वे कधीच गेली नव्हती. दोन वेळा तिची जागा पक्की झाली आणि दोन्ही वर्षी कुठेच बर्फ धरला नाही, स्पर्धाच झाली नाही. आता तिची पन्नाशी उलटली होती. आपल्यात अजून किती हिवाळे उरलेत आणि समुद्रात किती, हा हिशेब ती मांडायची नाही. पण या खेपेला नाही, तर मग नाहीच, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

पहाटे उठून तिने रोजच्यासारखं त्या दिवसाचं वचन वाचलं, दिवा मालवला आणि किनाऱ्यावर येऊन तळवा टेकवला. बर्फ गात होता. खोल कुठेतरी जाड तार छेडल्यासारखा नाद उठायचा, या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत धावत जायचा आणि विरायचा. लहानपणी तिला वाटायचं की खाली कुणीतरी प्रार्थनाघरातली बाजाची पेटी वाजवतंय. अजूनही थोडं वाटायचं.

दुपारी सगळे किनाऱ्यावर वाटाण्याचं सूप आणि मासे लावलेला काळा पाव खात होते. पंच हिल्यामावशी शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण अजून सगळ्यांना वर्गातलंच समजत. पश्चिमेला ढग पाहिलेत ना, संध्याकाळच्या आत हिम येणार, आणि एकदा ते या बर्फावर बसलं की झाकण पडलं म्हणून समजा, असं त्यांनी बजावलं. मग दर शर्यतीआधी सांगायचा नियम पुन्हा सांगितला. कुणाला बर्फ वाईट दिसला तर त्याने शीड सैल सोडायचं आणि एक हात सरळ वर करायचा. हात दिसला की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, मागच्यांसाठी आपलाही हात वर करायचा, विचारायचं नाही. आणि बर्फ चांगला असताना ज्याने पहिला हात वर केला तो त्या शर्यतीतून बाद. गंमत म्हणूनही नाही, चूक झाली म्हणूनही नाही. या बेटावर हा हात कुणी हलक्याने घेत नाही. हात वर करायला उशीर झालेली माणसं देवळामागच्या अंगणात निजली आहेत.

"ऐकलंस ना, आर्ने?" हिल्यामावशी म्हणाल्या.

"मावशी, माझे हात दोरीवर असतात. वर करायला रिकामे कुठे?" आर्नेने पावाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि विर्वेकडे वळला. "तुला स्वीडनहून पत्र टाकीन हं. तिकडचा बर्फ कसा होता, लिहून कळवीन."

"तू लिहिलेलं तुला तरी वाचता येतं का?" विर्वे म्हणाली.

गावाच्या टोकाला कुणाचं तरी सौना नुकतंच पेटलं होतं. शनिवार होता. आर्नेने सवयीने नाक वर केलं, पण तेवढ्यात हिल्यामावशींनी झेंडा उचलला.

खिळ्यांच्या बुटांनी बर्फ खणखणवत सगळे धावले, नावा ढकलल्या, पात्यांनी वेग धरला तसे उड्या मारून आत आडवे झाले. विर्वेने दोरी खेचली. शीड ताठ झालं, आणि तिला आजवर दर वेळी वाटत आलं होतं तेच वाटलं, की आता चालवणारी आपण नाही. वाऱ्यापेक्षा नाव वेगाने पळायला लागली. डोकं बर्फापासून हातभर उंचीवर, कानाशी पात्यांची करकर, गालावर बर्फाचा भुगा. खाली काचेत अडकलेले पांढरे बुडबुडे तारांगणासारखे मागे वाहत होते. एक क्षण वर आकाश कुठलं आणि खाली कुठलं हे तिला सांगता आलं नसतं. तिच्या ओठांवर वडिलांचं भजन आलं होतं. ते आपोआप येई, ती थांबवत नसे.

दुसऱ्या फेरीत ती आर्नेच्या मागे होती, दोन नावांच्या अंतरावर. तिसऱ्या फेरीत लांबच्या झेंड्याकडे जाताना वारा पडला.

पडला म्हणजे कुणीतरी दार लोटून घेतल्यासारखा. शिडं लोंबली, नावा मंदावल्या, उभ्या राहिल्या. अशा वेळी उतरून नाव ढकलायची मुभा असते. वारा परत येईल तेव्हा ज्याची नाव चालती असेल तो निसटतो. आर्ने उतरला. कमरेत वाकून, मान खाली घालून तो ढकलत धावू लागला. विर्वेही उतरली. गुडघे कुरकुरत होते, श्वास घशात अडकत होता. आपल्यात आणि त्याच्यात तेवढंच अंतर आहे, वाढलेलं नाही, इतकंच ती पाहत होती.

मग मागून वाऱ्याची पहिली झुळूक मानेला लागली. आर्नेच्या शिडातही ती शिरलेली दिसली. आता तो उडी मारणार आणि जाणार.

त्याने उडी मारली नाही. तो थबकला. हातातली नाव एकटीच थोडी पुढे गेली आणि वळून थांबली. तो पायांखाली पाहत उभा राहिला, आणि त्याचा उजवा हात हळूहळू वर गेला.

 इथे बर्फ वाईट असेल तर तो आर्नेच्या खालीच वाईट होता. विर्वेने हात वर केला, शीड सोडलं, पाती आडवी टाकली. मागे एकेक करून सगळ्या नावा थांबल्या, एकेक हात वर गेला. एवढ्या मोठ्या खाडीत आता फक्त सैल शिडांची फडफड होती. तिने गळ्यातल्या आऱ्या मुठीत घेतल्या, पोटावर आडवी झाली आणि सरपटत निघाली. लहानपणापासून शिकवलेलं असंच होतं: वजन पसरायचं, बोलायचं नाही, हात आधी.

"आर्ने, हलू नकोस. झोप खाली," ती जवळ आल्यावर म्हणाली.

आर्ने गुडघ्यांवर बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "बर्फ चांगला आहे," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "खाली बघ."

तिने चेहरा बर्फाजवळ नेला, दोन्ही हातांनी डोळ्यांना आडोसा केला.

आधी नुसतं काळं. मग डोळे सरावले तसं ते काळं हिरवं झालं, आणि हिरव्यात दोन-तीन पुरुष खोलीवर तळाची वाळू दिसली, लाटांनी ओढलेल्या रेघांसकट. त्या वाळूवर एक नाव उभी होती. कलंडलेली नाही, मोडलेली नाही. तीन पात्यांवर नीट उभी, जणू कुणी तिला तिथे ठेवून क्षणभर बाजूला गेलंय. डोलकाठी जराशी कललेली. शीड कधीच कुजून गेलेलं, पण दोऱ्यांच्या जागी लांब हिरवं शेवाळ लोंबत होतं आणि खालच्या संथ प्रवाहात एकाच दिशेला वाहत होतं. नाव पळतेय असं वाटत होतं. बसायच्या जागेतून बारीक चंदेरी माशांचा थवा निघाला, वळला, पुन्हा आत गेला. आणि आडव्या फळीवर, जिथे शिंपल्यांनी जागा सोडली होती तिथे, हातभर मोठी कोरलेली खूण होती. पक्ष्याचं पाऊल. खाली रेघ.

 तिने हातमोजा काढला आणि तळवा टेकवला. खालून तोच नाद उठला, लांबून आला, तिच्या हाताखालून गेला. त्या क्षणी आपल्याला काय वाटलं, हे तिने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. रडू आलं नव्हतं. देवळात एकटं असताना मागे कुणी उभं असल्याचं जाणवावं आणि भीती वाटू नये, तसं काहीसं होतं.

लांडगेखडक इथून बराच दूर होता. ती तर्क लावायच्या आधीच आर्ने बोलला. फुटलेल्या बर्फाची लादी नाव पोटात घेऊन सरकली असणार, वितळता वितळता इथे आणून सोडली असणार. आणि आमच्या बापांनी तळ शोधला तिकडे. हे बोलताना तो आपल्याच गुडघ्यांशी बोलत होता.

बाकीचे जमले. कुणी पोटावर, कुणी गुडघ्यांवर, टोप्या काढून खाली पाहत राहिले. हिल्यामावशी आपली उभ्याने ढकलायची घसरगाडी घेऊन धापा टाकत आल्या. आधी त्यांनी गिरमिटाने बर्फाला भोक पाडून जाडी पाहिली. ट्रकही गेला असता इतका बर्फ होता. मग त्याही वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या. उठल्या तेव्हा चष्मा पुसत होत्या.

"हात का वर केलास?" त्यांनी आर्नेला विचारलं.

"माहीत नाही, मावशी. गेला."

"बर्फ चांगला आहे."

"हो."

"मग तू बाद."

"हो," आर्ने म्हणाला.

शर्यत नव्याने लावायची, असं हिल्यामावशींनी ठरवलं. वारा आला होता, पण पश्चिमेचा ढग आता अर्ध्या आकाशावर चढला होता. लगेच निघालात तरच, त्या म्हणाल्या. नावा परत फिरल्या. विर्वे तिथेच पडून होती. हिम येणार, झाकण पडणार. पुढच्या वर्षी काळा बर्फ धरेल की नाही कोण जाणे. तिच्या आयुष्यात तो पुन्हा धरेल की नाही, तेही कोण जाणे. थवा परत एकदा बाहेर आला. तिला स्वीडन आठवलं, आणि ते फार लांबचं, दुसऱ्याच कुणाचं काहीतरी वाटलं.

आर्ने तिच्या डोक्याशी येऊन उभा राहिला. "ऊठ."

"जाऊ दे रे. तानेल जाईल. पोरगा चांगला आहे."

"विर्वे, ऊठ."

"थोडा वेळ बघू दे. तुला काय कळायचंय."

तो खाली बसला. त्याचं तोंड वाऱ्याने लाल झालं होतं. "मला काय कळायचंय, खरंय. जन्मभर हसलो मी याच्यावर. बापाने हसायला शिकवलं, मी माझ्या पोरांना शिकवलं. इथे उभं राहायचं काम माझं आहे, तुझं नाही. तुझ्या बापाने शर्यत इथवर आणली होती. इथून पुढची राहिलीये."

"तू हात वर केला नसतास तर आज तू गेला असतास."

"तेच तर म्हणतोय. आता तू गेली नाहीस, तर मी हात कशाला वर केला?"

 विर्वे हातमोजा चढवून उठली. गुडघे पुन्हा कुरकुरले.

शर्यत सुरू झाली तेव्हा पहिले कण पडायला लागले होते. तानेल पोराच्या जोरात धावला आणि पहिल्या फेरीला पुढेच होता. विर्वे दर फेरीत लांबच्या झेंड्याकडे जाताना त्या जागेवरून जात होती. पहिल्या खेपेला तिला खाली, एका निमिषात, हिरवी डोलकाठी दिसली. तिच्या पात्यांची रेघ वरून गेली. खाली मासे फुटून पांगले असतील. दुसऱ्या खेपेला काळ्यावर राखाडी साय धरली होती, नुसता आभास होता. पण जागा चुकायचं कारण नव्हतं. तिथे आर्ने उभा होता, खांद्यांवर हिम साचू देत, आणि त्याने दोन्ही हात कोटाच्या खिशांत मनगटांपर्यंत खोल कोंबले होते.

शेवटच्या फेरीत वाऱ्याचा एक जोराचा झोत आला. तानेलने घाबरून दोरी सैल केली. विर्वेने केली नाही. तिची नाव एका पात्यावर उचलली गेली, तिरकी झाली. हातातली दोरी जिवंत झाल्यासारखी ओढत होती, आणि ती आर्नेच्या बाजूने, त्या जागेवरून, तशीच उचललेली गेली. भजन ओठांवर होतंच. या खेपेला तिने ते मोठ्याने म्हटलं. वाऱ्याने ते कुठे नेलं कुणास ठाऊक. झेंड्याला वळसा घालून ती परतली, किनाऱ्यावरची माणसं मोठी होत गेली, आणि हिल्यामावशींची शिट्टी वाजली ती तिच्यासाठी.

नाव थांबली तेव्हा सगळीकडे पांढरं झालं होतं. तिने बोटांनी हिम बाजूला सारून तळवा टेकवला. खाली आता काही दिसत नव्हतं, पण नाद होता.

लोक तिचे हात हातात घेत होते, स्वीडनचं बोलत होते, त्या नावेचं मात्र अजून कुणी बोलत नव्हतं. तेवढ्यात आर्ने आपली नाव ओढत किनाऱ्यावर आला. गावच्या बाजूने सौनाचा धूर हिमातून खाली उतरला आणि सगळ्यांच्या अंगावरून गेला. आर्ने थांबला. सवयीने नाक वर केलं. सगळे गप्प झाले. हिल्यामावशीही.

त्याने एक मोठा श्वास घेतला.

"भूर्जाचं लाकूड आहे," तो म्हणाला. "चांगलं वाळलेलं."